विहाराची आतली बाजू

स्मरणिका समितीनं "विहाराच्या इतिहासावर दोन-चार पानं लिहून द्या" असं सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. आपल्या विहाराचा इतिहास माझ्यापेक्षा वस्तीतल्या आयाबायांना जास्त ठाऊक आहे. पत्र्याची शेड होती तेव्हापासून त्या इथं झाडलोट करत आल्या आहेत. मी आपला पोस्टातला निवृत्त माणूस. नोकरीत असताना दोन दिवसांची रजा मिळाली की एस.टी. पकडायची आणि एखादं लेणं बघून यायचं, एवढाच माझा अभ्यास.

पण नूतनीकरणासाठी जी बैठक झाली, तिच्यातला वाद पुष्कळांना आठवत असेल. विहार आतून कसा करायचा, हा प्रश्न होता. तरुण मंडळींचं म्हणणं, संगमरवर घाला, पीओपीचं छत करा, त्यात रंगीत दिवे सोडा, मूर्तीमागं आरसे लावा. शेजारच्या वस्तीतला विहार बघा कसा झालाय. जुन्या मंडळींचं म्हणणं, धम्मात थाटमाट बसत नाही, चुना मारा आणि राहिलेले पैसे बँकेत ठेवा. तासभर हे चाललं. मग मागून एक आजी म्हणाल्या, "फरशी कसली बी घाला, पन पावसाळ्यात तीन महिने आमाला खाली बसून ऐकायचं असतंय. गुडघं गारठत्यात. आन् दुपारच्याला आत अंधार असतोय, पोरीला पुस्तक वाचून दाखवता येत नाय." सगळे हसले आणि विषय पुढं गेला.

मला मात्र घरी जाताना वाटत राहिलं की त्या तासाभरात मुद्द्याचं बोलणं तेवढंच झालं. आणि असंच बोलणं प्रत्यक्ष भगवंतांसमोर झालेलं आहे. त्याची रीतसर नोंद आहे. म्हणून हा लेख.

विनयपिटकात चुल्लवग्ग आहे आणि त्यात 'सेनासन' या विषयाचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. सेनासन म्हणजे शयन आणि आसन, झोपायची-बसायची जागा. सुरुवातीला भिक्खूंना घर नव्हतंच. झाडाखाली, डोंगराच्या कपारीत, स्मशानात, गवताच्या गंजीवर, जिथं रात्र पडेल तिथं ते राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीनं सकाळी सकाळी हे भिक्खू रानातून बाहेर येताना पाहिले. त्याच्या मनात आलं, यांना घरं बांधून दिली तर चालेल का? भगवंतांनी परवानगी दिली आणि त्या श्रेष्ठीनं एका दिवसात साठ विहार उभे केले, असं ग्रंथ सांगतो. एका दिवसात साठ, म्हणजे ती साधी झोपडीवजा घरंच असणार. जेतवन देणारा अनाथपिंडिक हा याच श्रेष्ठीचा मेहुणा.

खरी मजा पुढं आहे. घरं झाली, पण त्यांना दारं नव्हती, म्हणून दारांची परवानगी. आत अंधार आणि कुबट वास, म्हणून खिडक्यांची परवानगी, आणि त्याही तीन प्रकारच्या: कठड्यासारखी, जाळीची आणि उभ्या पट्ट्यांची. खिडक्या झाल्या तर त्यातून खारी आणि वटवाघळं आत येऊ लागली, म्हणून खिडकीला पडदा. भिक्खू जमिनीलगतच्या बाजेवर झोपत, तर एकाला साप चावला. म्हणून बाजेला पाय लावा, पण आठ अंगुळांपेक्षा उंच नको, नाहीतर तो श्रीमंतांचा पलंग होईल. उशी घ्या, पण डोक्याच्या मापाची. अर्ध्या अंगाएवढी लोडासारखी उशी नको. घरं हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात तापणारी, म्हणून आतून-बाहेरून गिलावा करा.

मग रंगाचा विषय निघाला. त्या वेळी इतर पंथांच्या साधूंचे निवास पांढरे, जमीन काळी आणि भिंतींवर गेरूचं काम असे. लोक ते बघायला गर्दी करत. (शेजारच्या वस्तीचा विहार तेव्हाही होता तर!) भगवंतांनी पांढरा, काळा आणि गेरू, तिन्ही रंगांना संमती दिली. भिंत खडबडीत, रंग धरत नाही, अशी तक्रार आली तेव्हा गिलाव्यात धान्याचा तूस मिसळा असं सांगितलं. भिंतीवर फुलं आणि वेली काढायला हरकत नाही, पण स्त्री-पुरुषांची चित्रं नकोत, अशी मर्यादाही घातली.

हे वाचताना जाणवतं ते हे की "सजवा" असाही आदेश नाही आणि "सजवू नका" असाही नाही. कुणाला थंडी वाजली, कुणाला दिसेना, कुणाला साप चावला, तिथून प्रत्येक वस्तू आत आली. आजींच्या गुडघ्यांना त्या प्रकरणात नक्की जागा मिळाली असती.

त्याच प्रकरणात राहण्याजोग्या जागांचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला शेवटचा आहे 'गुहा'. आपल्या महाराष्ट्रानं तो प्रकार असा काही उचलला की भारतातली बहुतेक बौद्ध लेणी सह्याद्रीच्या या पट्ट्यात आहेत. नुसत्या जुन्नरच्या परिसरात दोनशेच्या वर खोदकामं आहेत, कान्हेरीला शंभराच्या वर. आपण लेणी बघायला जातो तेव्हा बाहेर उभे राहून फोटो काढतो आणि "केवढा डोंगर कोरलाय" म्हणतो. पण ज्यांच्यासाठी तो कोरला ती माणसं आत राहत होती. काळ्या दगडाच्या पोटात, सह्याद्रीच्या पावसात चार महिने. त्या गार दगडाला घरपण कसं आणलं, हा माझ्या मते लेण्यांचा खरा इतिहास आहे आणि तो फार कमी सांगितला जातो.

भाज्याला जा. मळवली स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह. आत शिरून वर बघितलं की छताला लाकडी वासे दिसतात, गोल वाकवलेले, एकापाठोपाठ एक. हे लाकूड मूळचं आहे. काही वाशांवर ब्राह्मी अक्षरं सापडली, ती त्याच काळची. आता विचार करा, वरचं छत म्हणजे अखंड डोंगर, त्याला वाशांच्या आधाराची गरजच नाही. वासे काढले तरी छत पडणार नाही. मग एवढं लाकूड डोंगरावर चढवून, वाकवून बसवलं कशाला? कारण त्या काळचं सभागृह लाकडाचं असे, वर गवती छप्पर असे, आणि माणसाला घर ओळखता येतं ते वाशांवरून. कोकणातल्या घरात माजघरात आडवं पडलं की वर वासे मोजता येतात, तसं. दगडात घर कोरलं तरी डोक्यावर ओळखीचं लाकूड हवं, असं त्या लोकांना वाटलं. भाज्याचे खांबही किंचित आत कललेले आहेत. लाकडी खांब बाहेर ढकलले जाऊ नयेत म्हणून तिरपे रोवत, ती जुनी सवय दगडातही आली. पुढची दर्शनी बाजू पूर्ण लाकडाची होती. ती गेली, तिच्या खोबणी उरल्या.

कार्ल्याचं चैत्यगृह तर या सगळ्याचा कळस. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तेवढंच उंच. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीचे खांब, वर हत्तींवर बसलेली जोडपी, आणि स्तूपामागचे सात खांब मात्र साधे अष्टकोनी. तिथं कुणी सहसा नजर लावून बघणार नाही, तिथं मेहनत वाया घालवली नाही. हा हिशेबीपणा मला फार आवडतो. उजेड येतो तो मुख्यतः पुढच्या पिंपळपानी कमानीतून. तो सरळ स्तूपावर पडतो आणि बाजूच्या वाटा अंधुक राहतात. आपण आज जे रंगीत दिवे लावून करू पाहतो ते त्यांनी एका खिडकीनं केलं. स्तूपावरची छत्री लाकडाची आहे, आणि दोन हजार वर्षं ती तिथंच उभी आहे. छताचे वासेही अजून जागेवर आहेत.

तिथल्या शिलालेखात वैजयंतीचा, म्हणजे आजच्या वनवासीचा श्रेष्ठी भूतपाल यानं हे 'सेलघर' पुरं केलं, असं म्हटलं आहे. सेलघर म्हणजे शैलघर. 'घर' हा शब्द बघा, आपण आज जसा उच्चारतो तसाच. मंदिर नाही, प्रासाद नाही, घर! खांब दिले ते धेनुकाकट गावच्या बऱ्याच जणांनी, त्यात यवनही आहेत. एका दाराचं दान सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यं विकणाऱ्यानं केलं. आणि दुसऱ्या एका दाराजवळचा लेख सांगतो की घराचं हे मुख वेणुवासाचा मुलगा सामी यानं केलं. हा सामी 'वढकी', म्हणजे सुतार. दान देणाऱ्या गंध्याच्या बरोबरीनं काम करणाऱ्या सुताराचं, त्याच्या बापाच्या नावासकट, नाव कोरलेलं आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवरही ती घडवणाऱ्या कण्हदास या सोनाराचं नाव आहे. कुड्याच्या लेण्यात माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. राजेरजवाड्यांची नावं आपण पाठ करतो, पण आतली घडण या लोकांची आहे.

राहायच्या खोल्या साध्या. साधारण आठ-नऊ फुटांची चौकोनी खोली, भिंतीला लागून दगडी ओटा, काही ठिकाणी डोक्याकडं उंचवटा म्हणजे दगडी उशी, डोक्याच्या मापाची, विनयात सांगितली तशी. भिंतीत दिवळी. दाराच्या उंबऱ्यात आणि वर लाकडी चौकट बसवायच्या खोबणी. कान्हेरीला खोल्यांच्या पुढं ओसरी आणि टेकून बसायला दगडी बाकं आहेत. पाऊस बघत बसायची सोय. प्रत्येक लेण्याजवळ पाण्याची पोढी. जुन्नरला चित नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. पितळखोऱ्याला विहाराच्या पायऱ्यांशी पाच फण्यांचा नाग कोरला आहे, आणि फण्यांना आरपार भोकं आहेत. आतल्या छुप्या पन्हळीतून पाणी सोडलं की ते फण्यांतून पडायचं. पाय धुवून आत जायची ती व्यवस्था. सजावट आणि नळ एकच! आम्ही हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा बरोबरच्या मित्राला मी म्हटलं, आपल्या विहाराबाहेरच्या नळाची तोटी तीन वर्षं गळतीय.

पण घर नुसतं बांधून भागत नाही, ते चालवावं लागतं. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं लेणं दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडं ठेवली. २००० एका श्रेणीकडं दरमहा शेकडा एक व्याजानं, १००० दुसरीकडं शेकडा पाऊण व्याजानं. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. मी पोस्टात आयुष्य काढलं, त्यामुळं आकडेमोड केल्याशिवाय राहवेना. २००० वर महिना २०, म्हणजे वर्षाला २४०. लेखात म्हटलंय, वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. पैशाला पै जुळते. दुसऱ्या हजाराचं व्याज किरकोळ खर्चाला. नाशिकलाच दुसरा लेख आहे, विष्णुदत्ता या स्त्रीनं कुंभार, पाणयंत्रवाले आणि तेली यांच्या श्रेणींकडं ठेव ठेवली, आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. औषधाची सोय हीसुद्धा त्या घराच्या आतल्या बाजूतच मोजली पाहिजे, असं माझं मत.

आता रंगाकडं येऊ. अजिंठ्याला पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, जी मोठी लेणी झाली त्यांपैकी १६ वं त्याचा प्रधान वराहदेव याचं. त्याच्या लेखात खिडक्या, दारं, चित्रांच्या वीथी, खांब, जिने, आतलं बुद्धमंदिर आणि पाण्याची सोय यांचं वर्णन येतं. म्हणजे देणाऱ्यालाही आतल्या बाजूचाच अभिमान होता. तिथल्या भिंतींवर आधी मातीचा गिलावा, त्यात दगडाचा चुरा, गवताचे तंतू आणि भाताचा तूस. तोच तूस, चुल्लवग्गातला! त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. निळा तेवढा लाजवर्दाचा, तो दगड अफगाणिस्तानकडून यायचा. छतावर कापडी चांदवा ताणल्यासारखी वर्तुळं, कमळं, कोपऱ्यांत उडणाऱ्या आकृत्या. आणि भिंतीवर माणसंच माणसं, राजे, दासी, व्यापारी, भिकारी. विनयातली मनाई इथवर येईतो मागं पडली होती. काही विद्वान हे झाकून नेतात. मला झाकायची गरज वाटत नाही. विनयात मनाई करमणुकीच्या चित्रांपासून सुरू झाली. इथं ज्याला अक्षर येत नाही त्यालाही जातककथा भिंतीवर वाचता येत होती.

वेरूळची एक गोष्ट २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत आणि तिथं किड्यांनी बरंच नुकसान केलं. वेरूळचा गिलावा किड्यांपासून वाचला. भिंतीत काय मिसळायचं, याचं ज्ञान कुणा गवंड्याचं होतं. त्याचं नाव मात्र कुठं कोरलेलं नाही.

नूतनीकरणानं काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. बेडसे हे कार्ल्याच्या जवळचंच सुंदर लेणं. तिथं रंगकामाचे अवशेष होते. एकोणिसाव्या शतकात गोरे साहेब भेटीला येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी लेणं स्वच्छ दिसावं यासाठी आतून चुना फासला. रंग गेले ते गेले. हेतू चांगलाच होता! अजिंठ्यावर १८१९ साली इंग्रजांची नजर पडली. चित्रं टिकावीत आणि उठून दिसावीत म्हणून पुढं त्यावर वार्निश आणि लाखेचे हात दिले गेले. ते पिवळे-काळे पडत गेले, आणि ते उतरवायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. रॉबर्ट गिल यानं १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून नकला काढल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळ आगीत जळाल्या. मुंबईच्या कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. डोंगरातली मूळ चित्रं मात्र अजून आहेत.

आपल्या काळातलं एकच घर सांगतो. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकात घर बांधलं, त्याला नाव दिलं 'राजगृह'. ज्या नगरात पहिले साठ विहार झाले, त्याच नगराचं नाव. त्या घराच्या मांडणीत ग्रंथांची जागा मुख्य होती. दिवाणखान्याची शोभा कशानं वाढते, या प्रश्नाला बाबासाहेबांचं उत्तर कपाटं हे होतं. आणि नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप, १८ डिसेंबर २००१ रोजी ज्याचं उद्‌घाटन झालं, तो आतून पोकळ आहे. परंपरेनं स्तूप भरीव असतो, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. इथं माणसं आत जाऊन बसतात. दरवर्षी जी गर्दी तिथं येते तिला बघितलं की कळतं, तो पोकळ का केला असेल.

आपल्या विहाराचं काम वर्षावास संपल्यावर सुरू व्हायचं आहे. खर्चाचं अंदाजपत्रक समितीकडं आहे, ते मी पाहिलं. संगमरवराचा आकडा मोठा आहे. दक्षिणेकडच्या भिंतीत दोन खिडक्या पाडायचा आकडा त्यात नाही, सतरंज्यांचा नाही, पुस्तकांच्या कपाटाचा नाही, तोटीचाही नाही. मी हे लेखी दिलेलं आहे. आरशांबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की ध्यानाला बसलेल्या माणसाला समोर स्वतःचं तोंड दिसू नये.

अंदाजपत्रकात सध्याचा सागवानी दरवाजा काढून काचेचा ॲल्युमिनियमचा बसवायचा, असं एक कलम आहे. तो दरवाजा ज्यांनी केला ते सुतारकाम करणारे आपल्याच वस्तीतले. दिवसभर दुसऱ्यांच्या दुकानाचं फर्निचर करून रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनी दोन महिने हे काम केलं, मजुरीचा एक रुपयाही घेतला नाही. पिंपळपानाची कमान त्यांनी कार्ल्याला जाऊन कागदावर उतरवून आणली होती, आम्ही दोघं एकाच एस.टी.नं गेलो होतो. विहारातल्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची एकोणतीस नावं आहेत, पाचशे एक रुपयांपासून वरची. त्यांचं नाव नाही, कारण त्यांच्या नावानं पावती फाटलेली नाही. नाव, वडिलांचं नाव आणि गाव मी समितीच्या वहीत लिहून दिलं आहे, आणि दरवाजा काढायचाच ठरला तर तो मागच्या ग्रंथालयाच्या खोलीला बसवावा, मापं जुळतात, हेही खाली लिहिलं आहे.